येशू उठला, हे पाहिलं कुणी? एका साक्षीची उलटतपासणी, सोप्या भाषेत

ईस्टरच्या पहाटे आमच्या मंडळीचे लोक दफनभूमीत जमतात. एप्रिलातल्या नागपुरात अंगाला बरं वाटावं अशी वेळ तेवढीच. ज्याच्या त्याच्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लागलेली असते, आदल्या दिवशी घासून धुतलेल्या फरशीवर झेंडूच्या पाकळ्या असतात. उजाडायच्या आत पाळक मोठ्यानं म्हणतात, "प्रभू उठला आहे!" आणि आम्ही सगळे म्हणतो, "खरोखर उठला आहे!" माझी आई तिथेच आहे, डावीकडच्या तिसऱ्या रांगेत. ते वाक्य मी तिच्याजवळ उभी राहून म्हणते.

यंदा शेजारचा मुलगा सोबत होता. माझ्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून स्कूटीवरून तोच मला नेतो-आणतो. वकिलीची सनद नुकतीच मिळालेली, शाळेपासून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरांत वाढलेला. परतताना सदरला एका ठेल्यावर तर्री-पोहे खायला थांबलो. प्लेट हातात घेऊन तो म्हणाला, "काकू, रागावणार नसाल तर विचारतो. तुम्ही एकतीस वर्षं कोर्टात साक्षी टाइप केल्या. 'खरोखर उठला आहे' म्हणता, ते पाहिलं कुणी? आणि ती साक्ष कोर्टात टिकली असती का?"

रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. पौल नावाच्या प्रेषितानं तर स्वतःच लिहून ठेवलंय, की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. पोहे संपेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं त्याला सांगितलं, उरलेलं इथे लिहिते. एक गोष्ट आधीच नोंदवते. मी विश्वास ठेवणारी बाई आहे. कोर्टात अशाला हितसंबंधी साक्षीदार म्हणतात. माझं म्हणणं त्या हिशेबानं पारखून घ्यावं.

पुनरुत्थान म्हणजे काय, आणि काय नाही

हा शब्द ऐकला की आपल्याकडे बहुतेकांना पुनर्जन्म आठवतो. पण पुनर्जन्मात आत्मा जुना देह टाकून नवा घेतो, ते वेगळं. काहींना तिरडीवरून उठून बसलेला माणूस आठवतो, तशा बातम्या अधूनमधून येतात. तेही नाही, कारण तो माणूस पुढे कधीतरी पुन्हा मरतोच. ख्रिस्ती माणसाचं म्हणणं असं आहे, की मेलेला आणि पुरलेला येशू देहासकट उठला, आणि तो देह आता मरणाच्या पलीकडचा आहे. हातांवर खिळ्यांच्या खुणा त्याच, तरी त्याच्या शिष्यांतल्या मग्दालिया मरीयेला तो आधी बागेचा माळी वाटतो.

त्या काळच्या बऱ्याच ज्यू लोकांची श्रद्धा होती, की जगाच्या शेवटी देव सगळ्या मेलेल्यांना उठवील. जग जसंच्या तसं चालू असताना मधेच एकटा एक माणूस उठेल, असं मात्र कुणाच्या मनात नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणखी एक बारीक गोष्ट बहुतेक ख्रिस्ती लोकांच्याही ध्यानात नसते. उठण्याची क्रिया कुणीच पाहिली नाही. त्या रात्री कबरेच्या आत काय घडलं याचा एकही साक्षीदार नवा करार, म्हणजे बायबलचा येशूनंतरचा भाग, उभा करत नाही. साक्ष आहे ती दोन गोष्टींची: कबर रिकामी सापडली, आणि नंतर तो लोकांना दिसला. हे सांगितल्यावर आमचा वकील म्हणाला, "म्हणजे अर्धा परिस्थितिजन्य पुरावा, अर्धा प्रत्यक्ष." त्याचं बरोबर होतं.

साक्षी कुठे लिहिलेल्या आहेत

येशूला यरुशलेमात इसवी सन ३० किंवा ३३ च्या सुमारास क्रुसावर चढवलं. शिक्षा देणारा रोमन सुभेदार पंतय पिलात. ही शिक्षा टॅसिटस या रोमन इतिहासकारानंही नोंदवली आहे, आणि त्याला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता. त्यामुळे येशू मेला यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो तिसऱ्या दिवशी तो उठला का, याचा.

सगळ्यात जुनी लेखी साक्ष चार शुभवर्तमानांतली, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांतली नाही, पौलाची आहे. ५४-५५ च्या सुमारास करिंथ शहरातल्या मंडळीला त्यानं पत्र लिहिलं. त्याच्या पंधराव्या अध्यायात एक यादी आहे: येशू केफाला, म्हणजे पेत्र या प्रमुख शिष्याला दिसला, मग बारा शिष्यांना, मग एकाच वेळी पाचशेहून जास्त बंधूंना, मग याकोबाला, मग सगळ्या प्रेषितांना, आणि शेवटी मला. यादीच्या आधी पौल म्हणतो, "मला जे मिळालं तेच मी तुमच्या स्वाधीन केलं." घराण्यातली बंदिश गुरूकडून जशीच्या तशी शिष्याकडे जाते, तशी तोंडी शिकवण पुढे देण्याची ही ज्यू गुरूंची भाषा. म्हणजे पत्र चोपन्न-पंचावन्नचं असलं तरी आतलं सूत्र त्याहून जुनं. ते घटनेनंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं असावं, असं श्रद्धा न मानणारे बरेच अभ्यासकही धरतात.

दुसऱ्या एका पत्रात पौल सांगतो, की तो यरुशलेमला जाऊन पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि तिथे येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. मला ही ओळ फार मोलाची वाटते. पंधरा दिवस एका छपराखाली राहून ती दोन माणसं फक्त हवापाण्याबद्दल बोलली नसतील.

शुभवर्तमानं नंतरची. मार्काचं ७० च्या आसपासचं, मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी, योहान पहिल्या शतकाच्या अखेरीकडे. लूक तर सुरुवातीलाच सांगतो, की ज्यांनी आरंभापासून डोळ्यांनी पाहिलं त्यांच्याकडून आलेलं मी नीट शोध करून लिहितोय. कोर्टाच्या भाषेत लूक साक्षीदार नाही, तपास अधिकारी आहे.

"ऐकीव पुरावा, तोही इतक्या वर्षांनी?"

सरळ उत्तर देते. नाही, ही साक्ष आजच्या कोर्टात टिकणार नाही. तोंडी पुरावा प्रत्यक्षच हवा, पाहिलं असेल तर पाहणाऱ्यानंच येऊन सांगायला हवं. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम ६० मध्ये होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यातही तत्त्व तेच आहे. पाहणारे सगळे मेले, उलटतपासणी होणार नाही, विषय संपला.

पण या न्यायानं १६६६ ची आग्र्याहून सुटकाही कोर्टात सिद्ध होणार नाही. महाराज पेटाऱ्यातून निसटले की वेष बदलून, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत, तरी ते निसटले याबद्दल कुणाला शंका नाही. इतिहासाचं कोर्ट वेगळं. तिथे बघतात की नोंद घटनेच्या किती जवळची आहे, किती वेगवेगळ्या वाटांनी आली आहे, आणि लिहिणाऱ्याच्या गैरसोयीचं काही तिच्यात राहून गेलं आहे का.

वर्षांचा हिशेब नागपूरकराला समजावणं सोपं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. माझ्या ऑफिसातल्या एका शिपाईदादांची आई त्या दिवशी तिथे होती, तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची. ती मला लुगड्याचं सांगायची. पांढरंच नेसायचं ठरलेलं, घरात पांढरं एकच, ते रात्री धुतलं आणि वाळलं नाही म्हणून पहाटे ओलंच नेसून निघाली. दिवसभर कसं अंगावरच वाळलं, हे सांगताना ती पदर चाचपायची. गर्दी किती होती म्हणून विचारा: कुणी साडेतीन लाख सांगतं, कुणी पाच, कुणी सहा. आकडे जुळत नाहीत म्हणून दीक्षा झालीच नाही असं कुणी म्हणत नाही.

आता याच पट्टीवर पौलाचं पत्र ठेवा. ते १९८० च्या आसपास येतं. मार्काचं शुभवर्तमान १९९६ ला. तेव्हा ओलं लुगडं आठवणाऱ्या कितीतरी बाया इंदोऱ्यात, पाचपावलीत हयात होत्या. पौलही तेच म्हणतो, पाचशेंपैकी बहुतेक अजून आहेत, काही झोपी गेले, म्हणजे वारले.

तुलना इथवरच न्यावी. दीक्षेचे फोटो आहेत, वर्तमानपत्रं आहेत, आणि दीक्षा घेणं निसर्गनियमाच्या बाहेरची गोष्ट नाही. शिवाय पाचशेंची गोष्ट मला स्वतःला लंगडी वाटते. एकाचंही नाव नाही, जागा नाही, आणि चारही शुभवर्तमानांत या प्रसंगाचा उल्लेख नाही. करिंथचा माणूस खात्री करायला निघाला तर मधे समुद्र. सरकारी वकील असते तर या पाचशेंवर मी केस उभी केली नसती. पेत्र, याकोब आणि पौल या तिघांवर केली असती.

"शब्दन् शब्द तर खरा नसेलच"

नसेलच. इथे माझ्या कामातलं एक सांगते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलतो, ते जसंच्या तसं उतरवलं जात नाही. तो म्हणायचा, "मी पाह्यलं नं जी साहेब, थो गोठ्याइकून पळत गेला." न्यायाधीश मला सांगायचे, लिहा, "मी आरोपीस गोठ्याच्या बाजूने पळत जाताना पाहिले." उलटतपासणीत वकील म्हणायचा, तू खोटं बोलतो. साक्षीदार तडकून म्हणायचा, "कावून खोटं बोलू जी?" कागदावर यायचं, "मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही." आयुष्यात कधी कुणी असं वाक्य तोंडानं उच्चारलं नसेल. तरी शेवटी साक्ष वाचून दाखवायची, तो मान हलवायचा, खाली सही किंवा अंगठा.

येशू आणि त्याचे लोक अरामी बोलत, शुभवर्तमानं ग्रीकमध्ये आहेत. वऱ्हाडीतून कोर्टाच्या मराठीत येण्यासारखंच ते आहे. शब्द लिहिणाऱ्याचे, म्हणणं सांगणाऱ्याचं. फरक एवढाच, की वाचून दाखवल्यावर मान हलवणारं कुणी तिथे होतं की नाही, ते आपण बघितलेलं नाही.

"चौघांच्या चार तऱ्हा"

कबरेवर कोण गेलं? योहान एकट्या मग्दालिया मरीयेचं नाव घेतो, मत्तय दोघींचं, मार्क तिघींचं, लूक तिघींची नावं घेऊन वर आणखीही होत्या म्हणतो. तिथे कोण दिसलं? मार्क म्हणतो एक तरुण, मत्तय एक देवदूत, लूक दोन पुरुष, योहान दोन देवदूत.

अशा विसंगतींनी मी घाबरत नाही. चार साक्षीदार एकाच चालीत, त्याच शब्दांत, त्याच क्रमानं बोलायला लागले की न्यायाधीश चष्म्यावरून बघायचे. पढवलेला साक्षीदार ओळखायची ती पहिली खूण. साक्षीदाराच्या मनाच्या पडद्यावर काही व्हिडिओ टेप चालत नसते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८३ च्या एका निकालात म्हटलं आहे. किरकोळ तफावत सोडून द्यायची आणि गाभ्यापर्यंत जाणारी तफावत धरायची, हा आपल्याकडचा रिवाज. योहानाची मरीयासुद्धा धावत येऊन म्हणते, "त्याला कुठे ठेवलं, आम्हांला ठाऊक नाही." आम्हांला, म्हणजे ती एकटी नव्हती.

पण सगळ्याच तफावती किरकोळ नाहीत. मार्क आणि मत्तय शिष्यांना गालील प्रांतात जायला सांगतात, मत्तयात तिथेच भेट होते. लूकमध्ये सगळं यरुशलेम आणि आसपास घडतं, वर शहर सोडू नका अशी आज्ञा आहे. गालील तिथून शंभरेक किलोमीटर. हे जुळवायचे प्रयत्न झालेत, मला त्यातला एकही पूर्ण पटलेला नाही. शिवाय मत्तय आणि लूक यांच्यासमोर मार्काचा मजकूर होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा त्यांना सुटे तीन साक्षीदार म्हणून मोजू नये. एका जबाबावरून दुसरा उतरवला तर जबाब दोन होतात, साक्षीदार एकच राहतो.

बायकांचा शब्द

आता ती गोष्ट, जिच्यापाशी मी दरवेळी थांबते. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर आधी बायकांना सापडते.

आज स्त्रीची साक्ष आणि पुरुषाची साक्ष कायद्याला सारखी. त्या काळी तसं नव्हतं. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो, की स्त्रिया चंचल आणि उद्धट, म्हणून त्यांची साक्ष धरू नये. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या टीकाकारानं पुनरुत्थानाची टर उडवली तीही याच मुद्द्यावर, की पाहणारी कोण, तर एक भ्रमिष्ट बाई. आणि शिष्यांचं काय? लूक लपवत नाही. बायकांनी येऊन सांगितलं तेव्हा प्रेषितांना ती निव्वळ बडबड वाटली.

गोष्ट रचायची असती तर रचणाऱ्यानं पेत्राला पुढे केलं असतं. जिची साक्ष कुणी घेणार नाही तिला पहिल्या पिंजऱ्यात कोण उभं करील? तिचं नाव तिथे आहे, कारण तसंच घडलं होतं, हे मला सगळ्यात साधं उत्तर वाटतं. मुलगा म्हणाला, "पण पौलाच्या यादीत बायका नाहीत." नाहीत. रिकाम्या कबरेचा स्पष्ट उल्लेखही तो करत नाही, "पुरला गेला, उठला" एवढंच म्हणतो. म्हणून काहींच्या मते कबरेची कथा नंतरची. क्रुसावर मेलेल्यांना कबर मिळतच नसे, असाही एक आक्षेप होता. १९६८ मध्ये यरुशलेमच्या उत्तरेला येहोहानान नावाच्या माणसाच्या अस्थी दगडी पेटीत मिळाल्या, टाचेच्या हाडात खिळा तसाच, टोक वाकलेलं. क्रुसावर चढवलेल्या या माणसाला घरच्यांनी रीतसर पुरलं होतं. म्हणजे निदान अशक्य नव्हतं.

"सगळे त्याचेच लोक"

नातेवाईक किंवा आपला माणूस आहे एवढ्यावरून साक्ष फेटाळायची नाही, काळजीनं तपासायची, हे सर्वोच्च न्यायालय १९५३ पासून सांगत आलं आहे. खून घरात झाला तर साक्षीदार घरचेच असणार. इथे तर दोघं असे आहेत, की आधी त्याचे नव्हते. पौल या लोकांना धरून तुरुंगात टाकत होता. भाऊ याकोब याच्याबद्दल योहान म्हणतो, की येशूचे भाऊसुद्धा त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. तोच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला, आणि ६२ साली त्याला दगडांनी मारलं. ही नोंद जोसेफसची. आपल्या सख्ख्या भावाला देवाचा पाठवलेला मानायला काय लागत असेल, ते घरोघरच्या भावांनी सांगावं.

"मरायला तयार झाले म्हणजे खरंच असणार," असं आमच्याकडे प्रवचनात नेहमी ऐकू येतं. बारा जणांच्या हौतात्म्याच्या कथांतल्या बऱ्याचशा फार नंतरच्या आहेत. मृत्युपूर्व जबाब कोर्ट मानतं, ते मरणाच्या दारातला माणूस खोटं बोलत नाही म्हणून. पण त्यातून तो खोटं बोलत नाही एवढंच ठरतं. त्याची चूक झाली नसेल, हे ठरत नाही.

"खोटं नाही, भास असेल"

हा आक्षेप सगळ्यात दमदार आहे. एका खटल्यात एक म्हातारबाबा ठामपणे सांगत होते, अंगणातल्या बल्बच्या उजेडात आरोपीचा चेहरा पाहिला. बल्ब कोणत्या खांबावर, वायर कशी लोंबत होती, सगळं. मग वीज कार्यालयाची नोंद आली. त्या रात्री त्या वेळी लोडशेडिंग. बाबा खोटं बोलत नव्हते. हजार रात्री त्यांनी ते अंगण उजेडात पाहिलं होतं, आणि डोक्यानं बल्ब आपोआप लावला. कळल्यावर ते ज्या तऱ्हेनं स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले, ते मी विसरलेली नाही.

विज्ञानही हेच सांगतं. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या धडकेची फिल्म दाखवली. "गाड्या एकमेकींवर आपटल्या तेव्हा वेग किती होता" असं जोरकस शब्दात विचारलं, तर लोकांनी वेग जास्त सांगितला. आठवड्यानं विचारलं, काच फुटलेली पाहिली का? जोरकस शब्द ऐकलेल्या पन्नासपैकी सोळा जण हो म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्या पन्नासपैकी सात. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. अमेरिकेत डीएनए तपासणीनं निर्दोष ठरून सुटलेल्या कैद्यांपैकी जवळजवळ सत्तर टक्के खटल्यांत प्रत्यक्षदर्शीनं ओळखण्यात चूक केली होती.

आणि दुःखातला माणूस तर बघतोच. वेल्समधल्या ड्यूई रीस या डॉक्टरनं १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांचा अभ्यास छापला. जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार कुठल्या ना कुठल्या तऱ्हेनं जाणवला होता, काहींना दिसलाही होता. माझ्या आईला बाबा गेल्यावर त्यांच्या चपलांचा आवाज यायचा. मग पेत्रालाही तसंच झालं नसेल का?

झालं असेल, असं म्हणायला जागा आहे. पण त्या चपलांच्या आवाजावरून आई कधी म्हणाली नाही, की तुझे बाबा उठले. रीसच्या विधवाही असं म्हणाल्याची नोंद नाही. गेलेला माणूस दिसला तर आपण म्हणतो, त्याचा आत्मा येऊन गेला, आणि त्या काळच्या लोकांकडेही त्यासाठी शब्द होते. लूकमध्ये शिष्यांना आधी वाटतं ते हेच, की भूत आहे. मधेच एकटा एक माणूस देहासकट उठला, ही कल्पना त्यांच्याकडे तयार नव्हती, हे वर म्हटलंच. शिवाय क्रुसावर टांगलेला माणूस म्हणजे शापित, असं त्यांचं धर्मशास्त्र. जे मनात आधी नव्हतं, ते भासात कुठून आलं? यावरही उत्तर देतात, की मोठी आशा मोडली की माणसं नव्या कल्पना घडवतात. तेही खोटं नाही. मला मात्र ते अपुरं वाटतं, विशेषतः पौलाच्या बाबतीत. त्याची कुठलीच आशा मोडलेली नव्हती.

मेलेला माणूस उठला, याला पुरावा किती हवा?

२०२१ साली नागपूर शहरात बिबट्या दिसल्याची बातमी आली तेव्हा लोक आधी हसले. कुत्रं पाहिलं तर एका माणसाचा शब्द पुरतो, बिबट्याला जास्त लागतो. गोष्ट जितकी नवलाची, तितकी साक्ष भक्कम हवी. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यानं १७४८ मध्ये हेच टोकाला नेलं: चमत्कार घडला यापेक्षा साक्षीदार फसला हेच नेहमी जास्त संभवतं.

तुमच्या मनात देवाला शून्य जागा असेल तर कितीही साक्षी आणा, ह्यूमच जिंकणार. ती जागा थोडी उघडी असेल तर मात्र साक्ष ऐकावीशी वाटते. साक्ष ऐकण्याआधीच अर्धा निकाल लागलेला असतो, माझाही आणि त्या मुलाचाही. आणि हो, हीच फूटपट्टी संतांच्या चमत्कारांना, पिरांच्या कथांनाही लावायची. माझ्या धर्मापुरती ढिली करून चालणार नाही.

मग विश्वास कुठे येतो

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. माझ्या पिढीतल्या निम्म्या वर्गाची तीच, गुरुजींनी घातलेली. आई सांगायची, तू मारबतीच्या दिवशी झालीस. पोळ्याचा दुसरा दिवस, रस्त्यावरून पिवळ्या मारबतीचा पुतळा चाललेला, "घेऊन जा गे मारबत" चा गलका, आणि त्या गलक्यात सुईणीला माझं रडणं ऐकू आलं नाही. कागद सरकारी, शिक्क्याचा. आईचा शब्द तोंडी, एकटीचा, पुराव्याविना. मी आईचं खरं मानते. तिच्या बाकीच्या आयुष्यावरून मला ती ठाऊक आहे म्हणून.

नव्या करारात विश्वास या अर्थी जो ग्रीक शब्द येतो, त्यात हा भरवसा आहे, माणसावर टाकलेला. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या माणसानं कवी नारायण वामन टिळकांना नवा करार दिला, आणि पुढे १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना आधी धरून ठेवलं ते रिकाम्या कबरेनं नव्हे, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं. आधी माणूस पटला. पुष्कळांचं असंच होतं, आणि त्यात चोरी नाही.

थोमा या शिष्याची गोष्ट मात्र आमच्याच लोकांनी फार वाकडी वापरली. प्रश्न विचारला की "संशयी थोमा" म्हणून गप्प करायचं. तो म्हणाला होता, खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय मानणार नाही. येशूनं त्याला हाकललं नाही, हात पुढे केले, बघ म्हटलं. न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, हे वाक्य त्याच्यानंतर येतं, आणि लगेच योहान म्हणतो, हे यासाठी लिहिलंय, की तुम्ही विश्वास ठेवावा. म्हणजे न पाहणाऱ्यांच्या हातातही काहीतरी दिलंय: पाहणाऱ्यांचा शब्द.

मुलाला मी म्हटलं, साक्षीनं मला एवढं दाखवलं, की ही माणसं लबाड नव्हती, गोष्ट शंभर वर्षांनी रचलेली नव्हती, आणि काहीतरी असं घडलं, की त्याला सोडून पळून गेलेली माणसं परत आली. त्यापुढचं पाऊल मी भरवशानं टाकलं. तू टाकलंच पाहिजेस असं नाही.

त्यानं शेवटी विचारलं, "मार्काचं सगळ्यात आधीचं ना? त्यात शेवट काय आहे?"

चौथ्या शतकातल्या ज्या दोन जुन्या हस्तलिखितांत मार्क पूर्ण सापडतो, त्यांत तो सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओळीवर थांबतो. पुढच्या ओळी नंतर कुणीतरी जोडलेल्या. त्या आठव्या ओळीत बायका कबरेपासून थरथरत पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्यांना भीती वाटते. कोर्टात एखादी बाई प्रश्न ऐकून नुसती उभी राहायची, ओठ हलायचे, आवाज नाही. न्यायाधीश मिनिटभर थांबायचे, मग माझ्याकडे बघून म्हणायचे, शेरा लिहा, साक्षीदार गप्प आहे. मी लिहायची, आणि बोटं यंत्रावर ठेवून वाट बघायची. बहुतेक वेळा ती नंतर बोलायची.

पोह्यांचे पैसे त्यानं दिले. स्कूटी सुरू करताना म्हणाला, "काकू, तो मार्क मराठीत आहे का तुमच्याकडे?"